सोळाच्या पाढ्यातलं पाऊल

…नाही, पण मला एक सांगा, ज्याचं गणित बरोबर आहे त्यानं हात जोडायचे कशासाठी? देवापुढं जोडतो, रोज सकाळी जोडतो, स्नान आणि पूजा झाल्याशिवाय मी संगणकाच्या बटणाला हात लावत नाही हे आमच्या ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे. पण एका धाग्यापुढं? धागा म्हणजे सुईत ओवायचा नव्हे हो, प्रोग्रॅममधला धागा, थ्रेड, एकाच प्रोग्रॅमची दोन-चार कामं शेजारी-शेजारी चालतात ना, त्यातलं एकेक काम म्हणजे एकेक धागा… थांबा, मुळापासून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, म्हातारा मधूनच सुरू होतो. होतोच. चिडलेला माणूस कधी मुळापासून सुरू झालेला तुम्ही पाहिलाय?

तर मूळ म्हणजे आमची ही. आयुष्यभर टेलिफोनच्या बोर्डावर बसून लोकांची बोलणी जोडून देणारी बाई. पलीकडच्या माणसानं नुसता श्वास घेतला तरी कोण ते ओळखायची. आणि नोकरी संपली तसे हिचे कान गेले. म्हणजे पार गेले नाहीत. शांत खोलीत समोर बसून बोललं तर सगळं कळतं. पण चार माणसं जमली, पंखा लागला, कुणी खुर्ची सरकवली, की सगळा कालवा. दुकानातली यंत्रं आणून झाली. ती आवाज मोठा करतात, म्हणजे माणूसही मोठा आणि पंखाही मोठा. मग घरात कुणी आलं की ही माझ्या तोंडाकडं बघायची, आणि कोण काय म्हणालं ते मी सांगायचो. वर्षानुवर्षं सांगितलं. आणि एक दिवस, तुम्हाला सांगतो, अगदी शांतपणे म्हणाली, "अहो, तुमच्या तोंडून जग ऐकायचा मला कंटाळा आलाय."

आता यावर माणसानं रागवावं का? मी रागावलो नाही. मी प्रोग्रॅम लिहायला बसलो.

आमचं ऑफिस छोटंसं, आवाजाची यंत्रं बनवतं. मला निवृत्तीनंतरही ठेवून घेतलंय, कारण आकड्यांचं अवघड काम आलं की तरुण मंडळी माझ्या टेबलाशी येतात आणि "काका, बसू का?" म्हणतात. तर गळ्यात अडकवायची एक लहानशी पेटी आम्ही करत होतो. आलेल्या आवाजातून पंखा, रस्ता, भांडी हे सगळं गाळायचं आणि माणसाचं बोलणं तेवढं कानात सोडायचं. गाळण्याचं गणित माझं. आणि गणित बरोबर होतं! पण पेटी जुन्या धाटणीची, प्रोसेसर गरीब, बिचारा एकेक आकडा उचलायचा, गुणायचा, ठेवायचा, पुन्हा एक उचलायचा… शब्द कानात पोचेपर्यंत बोलणाऱ्याचे ओठ मिटलेले असायचे. हिनं एकदा घालून पाहिली. "ओठ आधी, आवाज मागून," म्हणाली, "दुसऱ्या भाषेतून आणलेल्या सिनेमासारखं वाटतं." काढून ठेवली. आणि वर अट घातली. "कानांच्या डॉक्टरीणबाईंकडं या खेपेला येते. त्यांच्यासमोर नीट चाललं तर गळ्यात घालीन. नाही चाललं, तर यापुढं माझ्या कानाला काही लावा म्हणून कुणी सांगायचं नाही. मी माझी आतल्या खोलीत बसेन."

आणि ही बोलली म्हणजे बोलली. बाहेरच्या खोलीत माणसं हसतायत आणि ही आत भिंतीकडं तोंड करून बसलीय, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलेना.

मग मी प्रोग्रॅम व्हेक्टर केला. घाबरू नका, सोपं आहे. एकेक पेला उचलून नेणारा वाढपी आणि ट्रेमध्ये चार पेले एकदम नेणारा वाढपी, एवढाच फरक. त्या प्रोसेसरला चार आकडे एकदम उचलायची विद्या येते, फक्त कुणीतरी त्याला तसं सांगावं लागतं, तेही कंपायलरकरवी, म्हणजे आपलं लिहिलेलं प्रोसेसरच्या भाषेत उतरवणाऱ्या दुभाष्याकरवी. मी सांगितलं. काय चालला म्हणता! माझ्या टेबलावर, माझ्या संगणकावर, ओठ आणि आवाज असे एकजीव झाले की मी डोळे मिटून हात जोडले. देवापुढं हो. धाग्यापुढं अजून वेळ आली नव्हती.

पेटीत भरला. सगळी मंडळी भोवती उभी. मी पेटीपुढं तोंड नेऊन म्हटलं, "हॅलो." आणि प्रोग्रॅमनं प्राण सोडला.

पुन्हा चालू केला. "हॅ…" म्हटलं, लो म्हणायची सुद्धा सवड दिली नाही.

आमच्या प्रमुख बाई म्हणजे माझ्या मुलीच्या वयाच्या. हुशार, पण बोलणं असं की साबणाच्या पाण्यानं फरशी पुसावी. "काका, रागावू नका, पण तुमच्या गणितात कुठं भागाकार शून्यानं तर होत नाहीये ना?"

मला. शून्यानं भागाकार. मला विचारताय?

"बाई," मी म्हटलं, "गणित बरोबर आहे. टेबलावर चालतं, पेटीत मरतं. टेबलावर दोन आणि दोन चार आणि पेटीत साडेचार, असं गणित तुम्ही कधी पाहिलंत?"

"मग पेटीत काय वेगळं आहे?"

वेगळं एकच. टेबलावर माझं फंक्शन, म्हणजे प्रोग्रॅममधला तो गाळणीचा तुकडा, मुख्य धाग्यातून चालायचं, म्हणजे घरचाच कारभार. पेटीत आवाजाच्या कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, स्वतःचा एक धागा उघडतो, आणि आवाजाचा तुकडा आला की त्या धाग्यातून माझ्या फंक्शनला हाक मारतो. हा ड्रायव्हर दुसऱ्या कंपनीनं लिहिलेला. (घरी मी हिला म्हटलं, "ड्रायव्हर घोळ घालतोय." ही म्हणाली, "मग बसनं जा." असू द्या.)

आता मरतो कुठं ते शोधायचं. त्याची रीत अशी की वाटेवर जागोजाग छापायच्या ओळी घालायच्या. तरुण मंडळी 'इथं आलो', 'इथपर्यंत ठीक' असलं काहीतरी छापतात. मी म्हटलं, छापायचंच आहे तर देवाचं नाव का नको? गाळणीच्या ऐन गाभ्यात ओळ घातली: राम. पेटी चालू केली, "हॅलो" म्हटलं… आणि चालली की हो! हॅलो म्हटलं, चालली. पेपरातली बातमी वाचली, चालली. पडद्यावर राम राम राम राम झरझर वर सरकतंय आणि पेटी अखंड चालतेय. ओळ काढली, मेली. घातली, जिवंत. पुन्हा काढली, मेली!

तुम्ही माझ्या जागी असतात तर काय केलं असतंत? मी कृतार्थ झालो. जन्मभर ऐकत आलो की नामात शक्ती आहे, पण नाम घेतलं नाही तर प्रोग्रॅम जागच्या जागी आडवा होतो असा रोकडा अनुभव मोठमोठ्यांनाही आला नसेल.

बाई आल्या. पडद्याकडं पाहिलं. "काका, हे काय आहे?"

"नामस्मरण."

"लॉगमध्ये? प्रोग्रॅमच्या नोंदवहीत?"

"त्याला स्थळकाळाचं बंधन नाही."

बाईंनी एक क्षण डोळे मिटले. मग खुर्ची ओढून शेजारी बसल्या आणि पेटीपुढं "एक, दोन, तीन" म्हणाल्या. कानात आलं… एक… दोन… तीन… आधी ओठ, मागून आवाज. तोच तो जुना सिनेमा.

"छापण्यात वेळ जातोय," मी म्हटलं. "नाम थोडं कमी करू. दर शंभर आकड्यांनी एकदा."

"काका," बाई म्हणाल्या, आणि आता आवाजात साबण नव्हता, "तुमच्या रामानं काही वाचवलेलं नाही. वाटेत मध्येच छापायची ओळ आली म्हणून कंपायलरनं चार-चार उचलणंच सोडून दिलंय. एकेक उचलतोय, जुन्या वाढप्यासारखा. चार उचलायला गेला की मरतो, एकेक उचलला की जगतो. म्हणजे दुखणं उचलण्यात आहे."

तुम्हाला सांगतो, मी मानी माणूस आहे, पण खोटं बोलणार नाही. त्या क्षणी मला रामाचीच क्षमा मागावीशी वाटली. दुखणं झाकायला मी त्याला उभं केलं होतं. पण गणित? गणित बरोबर होतं. ते बाईही म्हणाल्या.

मग आम्ही दोघं प्रोग्रॅम मेला ती जागा उघडून बसलो. बाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. "काका, हा पत्ता बघा. शेवट बघा."

आणि मला दिसलं. आता हे नीट ऐका, इथंच सगळी मेख आहे. प्रोसेसर चार आकडे एकदम उचलतो, पण त्याची एक अट असते. मेमरीत एका आकड्याला चार घरं लागतात, चौघांना सोळा. तर ही चौकडी जिथून सुरू होते त्या घराचा क्रमांक सोळाच्या पाढ्यातला हवा. सोळा, बत्तीस, अठ्ठेचाळीस… तिथं ठेवली तर उचलेन. बाराव्या घरापासून ठेवली? हात लावणार नाही. बरं, "जरा सरकवा" म्हणेल की नाही? नाही. सगळा प्रोग्रॅमच मोडून ठेवील. आणि पडद्यावरचा पत्ता, म्हणजे घराचा क्रमांक, चारच्या पाढ्यात होता, सोळाच्या नव्हता.

माझ्या तोंडून आपोआप निघालं, "समचरण नाहीयेत."

"काय नाहीयेत?"

"पाय. बाई, देवाची मूर्ती बघा, दोन्ही पावलं कशी एका रेषेत, सम. तिथं डोकं टेकता येतं, कारण पाऊल कुठं आहे त्याची खात्री असते. हा धागा एक पाय पुढं टाकून उभा आहे, आणि आमचा कंपायलर डोळे मिटून डोकं टेकायला गेला. कपाळमोक्ष होणार नाही तर काय?"

बाई हसल्या. पहिल्यांदा हसल्या त्या दिवशी. म्हणाल्या, "काका, आम्ही याला अलाइनमेंट म्हणतो." म्हणा बापडे. पण दुसऱ्या दिवसापासून अख्ख्या ऑफिसात "समचरण आहे का बघ रे" सुरू झालं, तेही तुम्हाला सांगून ठेवतो.

कारण कळलं ते असं. प्रत्येक धाग्याचा मेमरीत आपला एक स्टॅक असतो, स्टॅक म्हणजे ताटांची चळत समजा. फंक्शन कामाला आलं की आपलं ताट वर ठेवतं, काम संपलं की उचलून नेतं. मुख्य धागा सुरू होताना आमचा कंपायलर सगळ्यात खालचं ताट स्वतः सोळाच्या रेषेवर बसवतो, आणि मग वर येणारा प्रत्येक जण गृहीत धरतो की ज्यानं मला बोलावलं तो सरळच उभा असणार. खाली वाकून बघत नाही! इतका भोळा भाव मी माणसांतही पाहिला नाही. आणि ड्रायव्हरवाल्यांचा धागा? त्यांचं खालचं ताट चारच्या रेषेवर. त्यांना चालतं, त्यांना चौघं एकदम कुठं उचलायची असतात! त्यांनी आपला वाकडा तळ ठेवला आणि वरून माझ्या फंक्शनला हाक मारली. ते बिचारं विश्वासानं गेलं, आणि मेलं.

म्हणजे चूक कुणाची? सांगा ना. माझी? माझं गणित बरोबर होतं!

मी ड्रायव्हरवाल्यांना फोन लावला. पलीकडचा माणूस असा गोड की ऐकता ऐकता झोप यावी. "सर, आमच्या ड्रायव्हरमध्ये काहीच दोष नाही सर. इतके लोक वापरतात सर."

"तुमचा धागा कितीच्या पाढ्यात उभा असतो?"

"चारच्या, सर."

"सोळाच्या का नसतो?"

"पहिल्यापासून चारच्याच आहे, सर."

"अहो, पण आमचा कंपायलर सोळाचं धरून चालतो."

"मग त्यांनी असं धरायला नको होतं, सर. तुम्ही तक्रार लिहून पाठवा सर. पुढच्या आवृत्तीच्या वेळी बघतील, सर."

"पुढची आवृत्ती कधी?"

"ते अजून ठरायचंय, सर."

फोन ठेवला आणि मी बाईंना सांगून टाकलं की मी एक अक्षर बदलणार नाही. वाकडे उभे राहणार ते, आणि दुरुस्त होणार मी? का म्हणून? जगात काही न्याय आहे की नाही?

बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "काकू डॉक्टरांकडं कधी जाणार आहेत?"

"उद्या."

"हं," एवढंच म्हणून त्या आपल्या टेबलाकडं गेल्या.

हे बघा, वाद घालणाऱ्याला मी पुरून उरतो, पण हं म्हणून निघून जाणाऱ्याचं काय करायचं? बसलो एकटा. समोर मेलेली पेटी. खिडकीबाहेर गाड्या थांबतायत, चालतायत. आणि मनात आलं, रोज सकाळी ज्याच्यापुढं आपण उभे राहतो तो काय आपण सरळ उभे आहोत का बघून जवळ घेतो? आपण कुठून कुठून वाकडेतिकडे येतो, धावत येतो, मनात दुसरंच काहीतरी घेऊन येतो. दारात आल्यावर तोच आपले पाय जुळवून घेतो. आणि मी, म्हणे, एका धाग्याचे पाय जुळवणार नाही? कशाच्या बळावर? गणिताच्या? गणित बरोबर असलं की माणूस किती ताठतो बघा.

काम किती होतं, माहीत आहे? एक ओळ. फंक्शनच्या डोक्यावर कंपायलरसाठी एक सूचना, की बाबा रे, इथं कुणावर विसंबू नकोस, आत पाऊल टाकलंस की आधी स्वतः तळ सोळाच्या रेषेवर आण, मग कामाला लाग. सगळ्या प्रोग्रॅमला सुद्धा लावता येते, पण मग प्रत्येक दारात पाय जुळवत बसायचं, वेळ जातो. परका माणूस ज्या दारानं येतो तेवढ्याच दाराला मी लावली. वर टीप लिहिली: 'येईल त्याचे पाय जुळवून घ्यावेत.' रामाची ओळ काढली, नमस्कार करून काढली. पेटी चालू केली. "हॅलो."

"हॅलो," कानात आलं. ओठाबरोबर.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंच्या खोलीत आम्ही दोघं. खोलीत पंखा, बाहेर रांगेत कुणाचं तरी पोर रडतंय, दार उघडतंय, मिटतंय. ही खुर्चीत ताठ बसलेली, पर्स मांडीवर घट्ट. शेवटच्या परीक्षेला बसावी तशी. पेटी गळ्यात. मी कोपऱ्यात पेटीच्या हिरव्या दिव्याकडं नजर लावून. गणित बरोबर होतं, पाय जुळवलेले होते, तरी मनात नाम चाललेलंच होतं. आता ते कुठं छापून येत नव्हतं एवढंच.

डॉक्टरीणबाईंनी तोंडापुढं फाइल धरली, म्हणजे ओठ दिसू नयेत, आणि साध्या आवाजात काहीतरी विचारलं. ही गप्प.

मेली, मी म्हटलं. पेटी हो. पण दिवा हिरवा.

ही सावकाश माझ्याकडं वळली. "अहो," म्हणाली, "त्या विचारतायत, मागच्या खेपेला सांगितलेलं संध्याकाळचं चालणं सुरू केलंत का."

"बरोबर," डॉक्टरीणबाई फाइल खाली घेत म्हणाल्या. "अगदी शब्दन् शब्द. पुढचं वाक्य घेऊ."

"थांबा हं, एक मिनिट," ही म्हणाली. नजर माझ्यावरच. "मागच्या खेपेला त्या काय म्हणाल्या म्हणून मी बाहेर आल्यावर तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही काय सांगितलंत?"

आता मला आठवायला हवं का? पण आठवलं.

"विशेष काही नाही म्हणाल्या, असं सांगितलंत."

तुम्हीच सांगा, माणूस किती सांगणार? समोरचा घटकाभर बोलतो, त्यातलं सार काढून द्यायचं म्हणजे थोडंफार गळणारच की! गाळणं हाच तर माझा धंदा. पण हिला एवढं कळलं की इतकी वर्षं आपलं वरचं ताट कसल्या वाकड्या तळावर ठेवलेलं होतं.

पेटी हिनं काढली नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. आता बाहेरच्या खोलीत बसते, चारचौघांत बसते, पंख्याखाली बसते. जो येईल त्याला आधी विचारते, "मागे तू काय म्हणाला होतास रे? पहिल्यापासून सांग." एकेकाचा तळ तपासून घेते. कुणावर विसंबत नाही, माझ्यावर तर नाहीच. आणि मला आनंद आहे, खरंच सांगतो, हिला खळखळून हसताना ऐकून मी देवापुढं दोनदा जास्त वाकतो.

फक्त काल असं झालं. हिची धाकटी बहीण आली होती. दोघी बाहेर बसल्या, मी आत माझ्या खोलीत. काय बोलत होत्या कोण जाणे, पण हसत होत्या, थांबत होत्या, पुन्हा हसत होत्या. मध्येच आवाज खाली जायचा, माझं नाव आल्यासारखं वाटायचं, आणि पुन्हा हसणं. दिवेलागण झाली तेव्हा मेव्हणी गेली. मी बाहेर आलो. अगदी सहज, काही मनात न ठेवता विचारलं, "एवढा वेळ काय म्हणत होती गं?"

हिनं डोळे पुसले, पेटी गळ्यात नीट केली, आणि म्हणाली,

"विशेष काही नाही."

…गणित बरोबर होतं हो माझं. आता बोला.